आडिवरेकरांची सही

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. आणि चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी मी हे सांगत असताना एका पाहुण्याला असा ठसका लागला की आईचं नवीन कार्पेट धुवायला द्यावं लागलं.

तसं बघितलं तर मूर्खपणा कोण करत नाही? पण लोक तो घाईत करतात, रागात करतात, कुणी झोपेत करतात. मी जो केला तो आठ दिवस, रोज नेमानं बसून, जीव ओतून, अतिशय स्वच्छ केला! असा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी त्याच्याशी लग्न करीन.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. बाबा इथेच हॉस्पिटलात डॉक्टर. सात वर्षांची होते तेव्हा एकदा जेवताना मी आईला म्हणाले, "ममी, आय डोन्ट लाइक वरण." संपलं! पुढच्या बोटीनं माझी रवानगी सांगलीला, मावशीकडे. मराठी शाळा, मराठी कॉलेज, मराठी विषय घेऊन बी.ए. मुलीला थोडं मराठी यावं एवढीच आईबाबांची इच्छा होती. पण एकविसाव्या वर्षी मी परत आले ती इतकी मराठी होऊन आले की घरात त्यांनाच चोरट्यासारखं वाटायला लागलं. बाबांनी "फ्रिजमधून दूध दे गं" म्हटलं की मी म्हणायची, "शीतकपाटातून." बाबा बिचारे कोरा चहा प्यायला लागले.

माझ्या ट्रंकेत चार साड्या होत्या आणि एक्केचाळीस कथासंग्रह. कादंबऱ्या नाहीत, कविता नाहीत, फक्त कथा. तेव्हाची नवी मराठी कथा म्हणजे माझा धर्म होता. जगात असं काही कुणी लिहीत नाही, आणि हे इथल्या एकाही माणसाला ठाऊक नाही, या विचारानं मला बसमध्ये बसल्या बसल्या रडू येत असे.

त्यातच मला मिस्टर हॉलिस भेटले. आमच्या घरापासून दोन स्टॉपवर त्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दुकानात एक काचेचं कपाट, त्याला कुलूप, आणि आत एक बारकुडा इंग्लिश कथासंग्रह असा ठेवलेला की जणू राणीचा दागिना.

"याला कुलूप का?" मी विचारलं.

"फर्स्ट एडिशन, मिस. साइन्ड."

मी त्या कपाटासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे! आमच्या सांगलीत याहून दसपट चांगले कथासंग्रह मी रद्दीच्या तराजूत बघितले होते. तिथल्या तिथे मी शपथ घेतली. मराठी कथेलाही काचेचं कपाट मिळालं पाहिजे! पहिल्या आवृत्त्या, लेखकाच्या सह्यांसकट. इंग्लंडात, माझ्या हातून.

हॉलिसनी मला तीन नियम शिकवले. आवृत्ती पहिलीच हवी. वरचं रंगीत जॅकेट शाबूत हवं. आणि लेखकाची सही सोडली तर आत एक टिंबसुद्धा नको. "नॉट अ मार्क, मिस. नॉट अ सिंगल मार्क."

मी कामाला लागले. पुण्यामुंबईच्या लेखकांना एअरमेलनं पत्रं, त्यांच्याकडून समुद्रमार्गे पुस्तकं. दीड वर्षात अकरा सह्या मिळवल्या. घरातूनच विरोध होता, तो वेगळाच. आई प्रत्येक नवीन पुस्तकाचं जॅकेट काढून टाकायची आणि ब्राउन पेपरचं कव्हर घालायची. "मळतं गं ते!" तिच्याशी मी पंधरा दिवस अबोला धरला तेव्हा कुठे जॅकेटं वाचली.

पण माझा जीव अडकला होता एकाच सहीत. य. दा. आडिवरेकर!

हा माणूस कोकणात पोस्टमास्तर होता. आयुष्यात एकच कथासंग्रह लिहिला, 'निम्मा कंदील'. नऊ गोष्टी. मग पुन्हा लेखणी धरली नाही. पुस्तकाची पहिली आवृत्ती प्रकाशकाच्या गोदामात वाळवीनं निम्म्याहून जास्त खाल्ली आणि दुसरी कुणी काढली नाही. माझ्याकडे त्याची एक प्रत होती, कोरी करकरीत, जॅकेटसकट. ती मला कशी मिळाली ते सांगत बसले तर दुसरा चहा करावा लागेल. पण सही? त्यांची सही कुणाकडेच नव्हती. मी पाठवलेल्या चार पत्रांना उत्तरं आली, पण सगळी लंडनहून, त्यांच्या मुलीच्या अक्षरात. "बाबांच्या वतीने कळवते की…"

आणि एक दिवस त्याच मुलीचं पत्र आलं, की बाबा महिनाभरासाठी ईलिंगला आमच्याकडे येत आहेत.

मी पुस्तक मलमलीत गुंडाळलं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, सहीसाठी खास काळ्या शाईचं पेन घेतलं आणि लंडनची ट्रेन पकडली. डबा मांडीवर. समोरच्या बाईंना वाटलं असेल, कुणाच्या तरी अस्थी आहेत.

ईलिंगच्या घरात दार उघडलं सुमनताईंनी, म्हणजे आडिवरेकरांच्या मुलीनं. आत दोन म्हातारे. खिडकीपाशी दोन स्वेटर आणि एक मफलर घालून बसलेले ते आडिवरेकर. आणि मधल्या मोठ्या खुर्चीत, ताठ, सुमनताईंचे सासरे, गद्रे हेडमास्तर. चिपळूणकडच्या एका शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. त्यांच्या हातात आमच्या मराठी मंडळाचं गणपतीचं निमंत्रण होतं आणि लाल पेन्सिल होती.

"'उपस्थिती प्रार्थनीय' मधली एक वेलांटी पाहा कशी दिलीय," ते मला म्हणाले. ओळख नाही, पाळख नाही! "तुम्ही मंडळाच्या का?"

"सभासद आहे," मी म्हटलं.

"मग तुम्हीही जबाबदार."

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि आडिवरेकरांना वाकून नमस्कार केला. पुस्तक बघून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले हो! त्यांनी जॅकेटवरून हात फिरवला. "माझ्याकडे एकही प्रत नाही," म्हणाले. "सगळ्यांना वाटून टाकल्या. अठरा वर्षांनी बघतोय."

"सर, सही…"

"ठेवून जाशील का आठवडाभर? एकदा वाचून काढतो. मग सावकाश लिहितो."

"सर, पुस्तक तुमचंच आहे!" मी भारावून म्हणाले. "तुम्हाला हवं ते लिहा, हवं तितकं लिहा!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पुढच्या शनिवारी पुस्तक आणायला गेले. दार गद्रे हेडमास्तरांनी उघडलं. मुलगा-सून बाजारात गेलेले, आणि आडिवरेकर?

"व्याही ग्लासगोला. पुतण्याकडे. शुक्रवारी येतील," हेडमास्तर म्हणाले. "तुमचं पुस्तक हे. आणि हे पेन. पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन पुन्हा यायला सांगितलंय."

"पुन्हा?"

"असं सांगितलंय. मी चाळलं पुस्तक. फार चुका होत्या. आता पुष्कळ बरं झालंय."

मी पुस्तक डब्यात ठेवलं आणि निघाले. ट्रेन सुटल्यावर डबा उघडला. पहिलं पान बघितलं. सही नाही! दुसरं पान उलटलं आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली तिनं तिकीट तपासनीस धावत आला.

पानापानावर पेन्सिल! शब्द खोडलेले, वर दुसरे लिहिलेले, ओळी काटलेल्या, समासात बाणच बाण. आणि शेवटच्या गोष्टीचा शेवटचा परिच्छेद तर आडवा कापलेला, आणि त्याच्याभोवती पानाच्या चारी कडांनी मुंग्यांची रांग निघावी तसं बारीक बारीक लिहिलेलं, खाली एक गिचमिड रेघोटी ओढून.

आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं कसं नाही? अहो, कळायला मी दुसऱ्या देशातून आले असते तर कळलं असतं! मी सांगलीच्या वाचनालयात वाढले. तिथलं एक पुस्तक असं दाखवा ज्यात निवृत्त माणसाची पेन्सिल फिरलेली नाही. ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलं असतं. 'येथे लेखक घसरला' असं लिहिलेलं असतं. त्याच्याखाली दुसऱ्या निवृत्ताचं, 'आपण लिहून दाखवा.' ही जमात मी ओळखते! आणि इथे तर हेडमास्तर, हातात पेन्सिल घेऊन बसलेला, आणि स्वतःच्या तोंडानं सांगतोय की चुका होत्या, आता बरं झालंय. माझं पेनही तसंच परत आलेलं, एक थेंब शाई खर्च नाही. म्हणजे आडिवरेकरांनी पुस्तकाला हातच लावला नव्हता. ते ग्लासगोला गेले आणि मागे या माणसानं डाव साधला!

माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं चित्र उभं राहिलं. रविवारी आडिवरेकर सही करायला पुस्तक उघडणार. आपल्या एकुलत्या एक पुस्तकाचे हे धिंडवडे बघणार. आणि बोलणार काय? ते मुलीकडचे! मुलीच्या सासऱ्याला मुलीचा बाप काय बोलू शकतो? गिळणार आणि गप्प बसणार. एवढा मोठा लेखक, परक्या देशात, व्याह्याच्या घरात, मफलर गुंडाळून गप्प!

नाही. मी असताना नाही. रविवारच्या आत हे पुस्तक पूर्वीसारखं कोरं झालं पाहिजे, आणि आडिवरेकरांना यातलं अक्षरही कळता कामा नये.

सोमवारी सकाळी मी हॉलिसच्या दुकानात.

"कुणी पेन्सिल फिरवली?" त्यांनी विचारलं.

"लेखकाच्या मुलीच्या सासऱ्यांनी."

इंग्रजांच्या भाषेत व्याह्याला शब्द नाही हो! ते नातं समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. शेवटी ते म्हणाले, "तुमची खात्री आहे ना, मिस? पुसण्याआधी माणसाची खात्री असावी."

"शंभर टक्के!"

मग त्यांनी सांगितलं. मऊ रबर घ्यायचं, हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवायचं आणि शेवटी ताज्या पांढऱ्या ब्रेडचा गाभा घेऊन पानावरून लोळवायचा. सगळी काजळी निघते.

मी जेवणाच्या टेबलावर बैठक मांडली. सकाळी दोन तास, दुपारी तीन. ज्यानं लिहिलं त्यानं पेन्सिल अशी दाबून दाबून फिरवली होती की माझं मनगट भरून आलं. आई येता-जाता बघायची.

"अगं, ब्रेड खायचा असतो."

"आई, हे साहित्याचं काम आहे."

"मग निदान कडा तरी टाकू नकोस. मी उपमा करते त्याचा."

आठवडाभर आम्ही ब्रेडचा उपमा खाल्ला. बाबा काही बोलले नाहीत. ते शीतकपाटापासूनच बोलायचे थांबले होते.

पुसता पुसता वाचणं आलंच. आणि एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगते. काही ठिकाणी ती सुधारणा चांगली होती. एका गोष्टीत तर मला क्षणभर वाटलं, अरे, हे मूळच्यापेक्षा किती बरं आहे! लगेच मी स्वतःला दटावलं. सासऱ्यांना चांगलं लिहिता येतं म्हणून त्यांना दुसऱ्याच्या पुस्तकात लिहायचा अधिकार मिळतो का? मुळीच नाही! आणि दुप्पट जोरानं पुसलं.

पण नुसतं पुसून माझं समाधान होईना. गुन्हेगाराला कळायला नको? मी गद्रे हेडमास्तरांना पत्र लिहिलं. तीन पानी! "साहित्यकृती म्हणजे सहामाहीचा पेपर नव्हे. एका थोर लेखकाच्या मौनाचा आपण गैरफायदा घेतलात. आपल्या घरात ते काय सोसत असतील याची मला कल्पना आहे…" पोस्टाच्या लाल पेटीत ते टाकलं तेव्हा मला वाटलं, टपाल खात्यानं इतकं जळजळीत पत्र आजवर वाहिलं नसेल.

गुरुवारी उत्तर आलं. उत्तर कसलं, माझंच पत्र परत आलं! सहा ठिकाणी लाल पेन्सिलीनं अधोरेखित, दोन वेलांट्या बदललेल्या आणि शेवटी शेरा, 'आशय समजला नाही.'

"बघितलंस?" मी आईसमोर पत्र नाचवलं. "पेन्सिल! आणखी काय पुरावा हवा?"

"ही लाल आहे," आई म्हणाली. "तू आठवडाभर पुसतेयस ती काळी होती ना?"

"आई, तू यात पडू नकोस."

पडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी पुस्तक तयार झालं. काय सांगू, प्रेसमधून बाहेर पडलं तेव्हाही ते इतकं स्वच्छ नसेल! डबा घेऊन मी ईलिंगला पोचले. दारातच सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या, "ये. पण जरा बेतानं बोल हं. घरात वातावरण बरं नाही. शुक्रवारपासून मामंजी बाबांशी बोलत नाहीत. जेवताना शेजारी बसतात आणि मीठ माझ्याकडून मागवतात."

मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे!

आत हेडमास्तर वर्तमानपत्र उघडून त्याच्याआड बसलेले. आडिवरेकर खुर्चीच्या कडेवर, हात जोडल्यासारखे धरून.

"ये, मुली," ते म्हणाले. "तुझ्याशी महत्त्वाचं काम आहे. पण आधी… व्याही, हिच्यासमोर पुन्हा सांगतो. माझ्याकडून काही बोललं गेलं असेल तर पदरात घ्या."

वर्तमानपत्राआडून आवाज आला, "सुमन, तुझ्या वडिलांना सांग, बाहेरच्या मुलींना घरातली गाऱ्हाणी सांगायची आणि मग पदर पसरायचा, याला अर्थ नाही."

"अहो, पण कसली गाऱ्हाणी? मी कुणाला काही…"

मला राहवेना. अपराध कुणाचा आणि क्षमा कोण मागतंय!

"सर, तुम्ही का माफी मागता?" मी उभी राहिले. "पत्र मी लिहिलं. मला जे दिसलं ते लिहिलं. आणि तुम्ही आता काळजी करू नका. सगळं पुसलंय मी."

"काय पुसलंस?"

"ते सगळं. यांनी जे केलं होतं ते. एक टिंब ठेवलेलं नाही!"

आणि मी डबा उघडून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. विजयी वीरासारखी!

आडिवरेकरांनी पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. मग भराभर उलटत शेवटच्या पानावर गेले. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"सुमन," ते अगदी हळू म्हणाले, "माझा शेवट कुठाय?"

आत किटली शिट्टी घालायला लागली.

मग सुमनताईंनी सांगितलं. मी पहिल्यांदा पुस्तक ठेवून गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं होतं. 'निम्मा कंदील'ची दुसरी आवृत्ती काढायची आहे. अठरा वर्षांनी! आणि म्हाताऱ्याच्या मनात अठरा वर्षं त्या नऊ गोष्टी चालूच होत्या. कुठला शब्द चुकला, कुठला शेवट घाईत झाला. जगात समोर प्रत एकच, माझी. मी म्हणालेच होते, हवं ते लिहा, हवं तितकं लिहा! सहा दिवस बसून त्यांनी सगळं पुस्तक दुरुस्त केलं. पेनानं हात अडखळतो म्हणून पेन्सिलीनं. रविवारी माझ्याकडून ते वहीत उतरवून घ्यायचं आणि माझं पुस्तक मला, वही प्रकाशकाला, असा त्यांचा बेत होता.

"येत्या शुक्रवारी माझं विमान आहे," आडिवरेकर म्हणाले. एवढंच.

जमीन दुभंगावी वगैरे आपण वाचतो ना? ईलिंगची जमीन फार टणक आहे हो.

वर्तमानपत्र सावकाश खाली आलं. गद्रे हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मला वर्गाबाहेर उभी करणार.

"म्हणजे ते पत्र," ते म्हणाले, "या पेन्सिलीबद्दल होतं?"

"हो."

"मी हे पुस्तक सुधारलं असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

"मी छापील पुस्तकात कधी लिहीत नाही. छापील पुस्तकाचा मान ठेवावा." मग उठून उभे राहिले. "आशय आता समजला. सुमन, भिंग आण. टेबल खिडकीशी घ्या. तुम्ही वही काढा. पस्तीस वर्षं पोरांनी पुसलेली उत्तरं वाचलीत मी. कागद विसरत नाही."

पान तिरपं धरलं की दाबून लिहिलेल्या अक्षरांचे खळगे दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. ऊन आलं आणि दहा मिनिटांत गेलं, ईलिंगच्या रिवाजाप्रमाणे. मग टेबललॅम्प आडवा निजवला. हेडमास्तर गाल टेबलाला टेकवून, एक डोळा मिटून भिंगातून वाचत. "'काळोख' खोडून 'अंधार'… नाही, 'अंधूक'…" आणि आडिवरेकर ओरडत, "बरोबर, बरोबर! 'अंधूक उजेड'!" मी लिहीत असे. जिथे माझं रबर फारच मनापासून फिरलं होतं तिथे हेडमास्तर नुसते उसासा टाकत आणि आडिवरेकर आठवून आठवून सांगत. मी बर्मिंगहॅमला फोन करून सांगितलं, गुरुवारपर्यंत येत नाही. सुमनताईंच्या कोचावर झोपले. चार दिवस तिघं त्या टेबलावर. दोन्ही व्याही एकमेकांशी इतके बोलायला लागले की सुमनताईंच्या मिठाच्या फेऱ्या बंद झाल्या.

बुधवारी संध्याकाळी आम्ही शेवटच्या पानावर पोचलो. नवा शेवट पूर्ण लागला. शब्द न् शब्द! आडिवरेकरांनी डोळे मिटून मान डोलावली.

"थांबा," हेडमास्तर म्हणाले. "खाली आणखी काहीतरी आहे." गाल टेबलावर, डोळा भिंगाला. "'आ'… पुढे लांब रेघ… अहो व्याही, ही तर तुमची सही!"

"हो," आडिवरेकर म्हणाले. "हिच्यासाठी केली होती. पहिल्या पानावर काय, सगळेच करतात. म्हटलं, गोष्ट जिथे खरी संपली तिथे करावी."

ती गिचमिड रेघोटी! हेडमास्तरांनी वर स्वतःची सही ठोकलीय असं समजून मी सर्वांत आधी पुसली होती ती. तिच्यावर ब्रेड तर दोनदा लोळवला होता.

मी पर्समधून ते काळ्या शाईचं पेन काढलं. "सर… पुन्हा एकदा…"

आडिवरेकरांनी हसून पेन घेतलं. टोपण काढलं. पहिलं पान उघडलं. निब कागदापासून बोटभर वर!

"कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "सही आहे ना आत? मी वाचली की! एका दस्तऐवजावर एकाच माणसाच्या दोन सह्या बऱ्या दिसत नाहीत."

आडिवरेकरांनी माझ्याकडे बघितलं. व्याह्यांकडे बघितलं. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर तीनच दिवसांपूर्वी जुळलेलं नातं, आणि ते मुलीकडचे! कोणामुळे बिघडलं होतं ते मी सांगायला नको. त्यांनी टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"व्याही म्हणतात ते बरोबर आहे," म्हणाले.

शुक्रवारी ते गेले. दुसरी आवृत्ती निघाली, नव्या शेवटासकट, आणि ज्यांनी वाचली ते म्हणतात की तो शेवट मराठीत तोड नाही असा आहे. पण दुसरी आवृत्ती, हॉलिसच्या नियमानं, माझ्या कपाटात बसत नाही.

पहिली आहे ना! कपाटात मधोमध ठेवलीय. कुणी आलं की मी ती काढते, लॅम्प टेबलावर आडवा करते आणि पाहुण्यांना सांगते, गाल इथे टेकवा, एक डोळा मिटा, थोडं डावीकडे. सगळ्यांना सही दिसते. बाबांना दिसली, आईला दिसली. हॉलिसना तर मराठी येत नाही, तरी दिसली.

मी गेली कित्येक वर्षं बघतेय. मला अजून एकदाही दिसलेली नाही.